मुलांनी लिहिलेलं शाळेचं पुस्तक: वहीपासून बांधणीपर्यंत

‘शाळेतले तुमचे अनुभव लिहा’ असं फळ्यावर लिहिलं की वर्गातून जे कागद परत येतात, त्यांतल्या बहुतेकांची पहिली ओळ एकच असते: माझ्या शाळेचे नाव अमुक अमुक आहे. पुढे शाळा सुंदर असते, समोर भव्य पटांगण असतं, सर्व शिक्षक प्रेमळ असतात आणि शेवटी ‘मला माझी शाळा खूप खूप आवडते’. ज्या शाळेला पटांगणच नाही तिथली मुलंही पटांगण लिहितात. यात मुलांची लबाडी नाही. हा निबंध त्यांनी दुसरी-तिसरीपासून घोटलेला असतो, त्यावर गुण घेतलेले असतात, आणि कागद शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत, सातवी ते नववीच्या मुलांबरोबर आम्ही अशी पुस्तकं करतो. कागद, छपाई, बांधणी यांची माहिती कुठल्याही छापखान्यात मिळते. कठीण असतं ते मुलाचं वाक्य एवढ्या मोठ्या माणसांच्या हातांतून सुखरूप पार नेणं. वर्गशिक्षक, टाइप करणारा, प्रूफ वाचणारा, संस्थेचे अध्यक्ष, छपाईवाला, सगळे चांगल्या मनानंच त्या वाक्याला हात लावतात आणि वाक्य मरतं.

हस्तलिखित काढायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवलं, १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. आज मात्र बहुतेक शाळांतलं हस्तलिखित म्हणजे सुंदर अक्षराच्या दोन मुलींनी उतरवलेल्या कविता, थोरांची चरित्रं आणि सुविचार. स्नेहसंमेलनात त्याचं प्रकाशन होतं आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जातं. प्रत एकच, त्यामुळे वाचक नाहीच. छापील पुस्तकात प्रत्येक मुलाच्या घरी प्रत जाते, आणि घरी वाचणारं माणूस असणार म्हटल्यावर मूल वेगळं लिहितं. चांगलंही आणि सावधही. त्या सावधपणाचं काय करायचं, ते पुढे येईलच.

आधी कॅलेंडर. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. जुलै महिना प्रवेश, पुस्तकवाटप आणि पट जुळवण्यात जातो. लेखनाची सत्रं ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायची. दिवाळीनंतर ठेवली तर कापूस वेचणीला हात लागतात म्हणून हजेरी गळते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडतात ती एप्रिलपर्यंत येत नाहीत. म्हणजे ज्या मुलांचा अनुभव पुस्तकात सर्वांत आधी यायला हवा, नेमकी तीच वगळली जातात. दिवाळीच्या सुट्टीत टायपिंग आणि निवड, नोव्हेंबरात प्रूफं, डिसेंबरात छपाई, आणि ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला प्रकाशन, हे गणित बसतं. २६ जानेवारीपर्यंत ओढता येतं. फेब्रुवारीत गेलं की दहावी-बारावीच्या परीक्षा येतात आणि मग शाळेत कुणाला पुस्तकाचं नावही काढता येत नाही.

सत्र दोन तासिकांचं सलग घ्यावं. एका तासिकेत मुलं फक्त निबंधाच्या ओळी ओकून मोकळी होतात. खरं लेखन त्या ओळी संपल्यावर सुरू होतं. वर्गशिक्षकांना त्या वेळेपुरतं चहाला जाण्याची विनंती आधीच करून ठेवायची. शिक्षक वर्गात असले, अगदी मागच्या बाकावर गप्प बसले असले, तरी मुलं त्यांच्याकडे पाहून लिहितात.

प्रश्न विचारताना ‘अनुभव’, ‘आठवण’, ‘प्रसंग’ हे शब्द टाळायचे. ‘अविस्मरणीय प्रसंग’ म्हटलं की सहल आणि बक्षीस समारंभ येणार. त्याऐवजी जागा, वस्तू आणि वेळ विचारायची. आत्ता दप्तरात काय काय आहे, खालपर्यंत हात घालून लिहा. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात? शाळेत अशी कुठली जागा आहे जिथे तुम्ही जात नाही? खोटं कारण सांगून घरी राहिलात तेव्हा दिवसभर काय केलंत? खिचडीच्या रांगेत तुमच्या पुढे कोण असतं? शेवटच्या प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही सर्वेक्षणातून कळणार नाही. कोण कोणाच्या पुढे उभं राहतं, कोणाची ताटली घरून येते, कोण दुसऱ्यांदा मागायला लाजतं, सगळं त्यात उतरतं. दप्तराचा प्रश्न पहिला ठेवावा, कारण त्याला चूक उत्तर नसतं. अडलेली मुलंही यादी लिहितात आणि यादीतल्या एखाद्या वस्तूपाशी थांबून पुढे सांगू लागतात.

कागद एफोर, आखीव चालेल, पण पाठकोरा. दोन्ही बाजूंना लिहिलं तर स्कॅनमध्ये मागची शाई पुढे दिसते आणि टाइप करणाऱ्याच्या ओळी चुकतात. एक ओळ सोडून लिहायला सांगायचं. डोक्यावर नाव नको, फक्त एक खूणक्रमांक: इयत्ता, तुकडी आणि पुढे हजेरी क्रमांक नसलेला स्वतंत्र आकडा. खुणेचं आणि नावाचं कोष्टक शाळेबाहेरच्या एकाच माणसाकडे राहतं. कारण वर्गशिक्षक अक्षर ओळखतात. नाव नसलं तरी ‘हे कोणाचं’ हे त्यांना पहिल्या ओळीत कळतं. म्हणून मूळ कागद शाळेत राहू द्यायचे नाहीत, सत्र संपताच पाकिटात घालून सोबत न्यायचे. यावर काही ठिकाणी मुख्याध्यापक नाराज होतात. त्यांना टाइप केलेली प्रत दाखवण्याचा शब्द द्यायचा, आणि तो पाळायचा.

प्रत्येक वर्गात न लिहिता येणारी मुलं असतात. सातवीतही असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. त्यांना वेगळं बसवून त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यायचं. दहा मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायला तासभर तरी लागतो, आणि ते काम फोनच्या आवाजी टायपिंगवर सोपवू नये. ती सोय प्रमाण मराठीवर बेतलेली असल्यानं ‘मले’चं ‘मला’ होतं, ‘पायतो’चं ‘पाय तो’ होतं. मेळघाटातल्या, धारणी-चिखलदऱ्याकडच्या शाळांत घरी कोरकू बोलणारी मुलं असतात. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा गटातली भाषा. मराठीत लिहा म्हटलं की या मुलांची वाक्यं तीन-तीन शब्दांची होतात. त्यांना देवनागरीत कोरकूच लिहू द्यावं आणि शेजारच्या पानावर मराठी द्यावं. पानं दुप्पट लागतात, ती हिशेबात आधीच धरायची.

आता वाक्य कसं मरतं ते पाहू. समजा नववीतला मुलगा लिहितो: ‘उशीर झाला का सर मले भायेर उभं करतेत. तथून आमची गाय दिसते. मंग मी तिच्याकडेच पायतो.’ हा कागद तपासायला दिला तर लाल शाईनंतर त्याचं होतं: ‘शाळेत येण्यास उशीर झाल्यास सर मला वर्गाबाहेर उभे करतात. त्यामुळे मला वेळेचे महत्त्व समजले.’ व्याकरणाची एकही चूक राहिली नाही. फक्त गाय गेली. तिच्या जागी बोध आला, कारण निबंधात शेवटी बोध लागतो आणि गाय म्हणजे विषयांतर. टाइप करणाऱ्याकडे आणखी एक पायरी होते: ‘सर’चं ‘शिक्षक’ किंवा ‘गुरुजी’. आता हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेतलं, कुठल्याही मुलाचं होऊ शकतं, म्हणजे कोणाचंच नाही.

म्हणून संपादनाचा नियम सुरुवातीलाच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. बोलीचे शब्द, क्रियापदांची रूपं आणि वाक्यांचा क्रम यांना हात लावायचा नाही. शुद्धलेखन तेवढं नीट करायचं: ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, जोडाक्षर. त्यातही बोलीच्या शब्दाला प्रमाण शुद्धलेखन लावायचं नाही. एकाच मुलाच्या मजकुरात ‘भायेर’ आणि ‘बाह्यर’ दोन्ही आले तर त्यालाच विचारून एक ठरवायचं. कापायला हरकत नाही. मुलंही पाल्हाळ लावतात, मोठ्यांसारखीच. पण कापायचं ते सुरुवातीचं आणि शेवटचं, मधलं नाही. निबंधाची ओळ डोक्यावर असते आणि बोध शेपटीला. दोन्ही छाटले की मध्ये बहुधा एक चांगलं पान उरतं. भर तर घालायचीच नाही, एक ‘आणि’सुद्धा नाही.

काही कागद छापण्यासाठी नसतात. मारहाणीबद्दल मुलं सहज लिहितात, त्यांच्या लेखी ती रोजची गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. असा मजकूर शिक्षकाच्या नावासकट छापला तर मुलाला त्याच शाळेत वर्षभर बसायचं असतं, आणि गाळला तर पुस्तक खोटं होतं. इथे आम्ही नाव, विषय आणि वर्ग काढतो, मजकूर ठेवतो, वेगवेगळ्या शाळांतले असे मजकूर एका प्रकरणात एकत्र घालतो, म्हणजे बोट एका दारावर जात नाही. एकाच शाळेचं पुस्तक असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे मुलाला आणि पालकांना विचारून, बहुतेक वेळा, तो मजकूर बाजूला ठेवावा लागतो आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे वेगळा मांडावा लागतो.

लैंगिक अत्याचाराचा नुसता इशारा जरी कागदात असला तरी तो कागद संपादकाचा राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. मुलांच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) १०९८ हा क्रमांक सत्र घेणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. ‘आधी मुख्याध्यापकांशी बोलून बघू’, ‘गावात चर्चा होईल’ असली भाषा सुरू झाली की वेळ जातो. काय करायचं हे पहिल्या सत्राच्या आधी ठरलेलं असावं, त्या दिवशी ठरवायला बसू नये.

संमतीपत्रं लोक सुरुवातीला भरून घेतात, सत्राच्या आधी, शंभर कागदांचा गठ्ठा पालकसभेत. सोयीचं आहे, पण निरर्थक आहे. काय छापणार हे तेव्हा मुलालाही माहीत नसतं. संमती घ्यायची ती टाइप केलेला अंतिम मजकूर मोठ्यानं वाचून दाखवल्यावर, मुलाची आधी आणि पालकांची नंतर. क्रम महत्त्वाचा. बापाची सही आधी आली तर पोरगी ‘नको’ म्हणणार नाही. संमतीपत्रात हेही लिहावं की छपाईची प्लेट काढेपर्यंत कधीही मजकूर मागे घेता येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला मालक लिहिणारा असतो, वय काहीही असो. शाळेच्या तासाला लिहिलं म्हणून ते शाळेचं होत नाही. छापण्याची परवानगी किती काळासाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरली जातात, म्हणून ‘ही आवृत्ती आणि हिची पुनर्मुद्रणं’ असं स्पष्ट नोंदवून मुदत घालावी.

नावांचा प्रश्न सोपा वाटतो, तसा नाही. मुलांना आपलं नाव छापून हवंच असतं, सगळा उत्साह त्याचाच असतो. आम्ही मजकुराखाली नाव देत नाही. शेवटी सगळ्यांची नावं अकारविल्हे, वर्गाशिवाय छापतो. तरीही लहान गावात निनावीपणा फसवा असतो. ‘माझ्या बाबाचं सायकलचं दुकान आहे’ एवढं पुरतं, गावात सायकलचं दुकान एकच. असे खुणेचे तपशील हुडकायला त्याच गावातला एखादा विश्वासू माणूस, शक्यतो माजी विद्यार्थी, मजकूर वाचायला बसवावा. बाहेरच्याला ते दिसत नाहीत.

निवडीत स्पर्धा नको. पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असं जाहीर झालं की पुढच्या वर्षी सगळे पहिल्या क्रमांकासारखं लिहितात. प्रत्येक मुलाचं काहीतरी घ्यायचं, कोणाचं दीड पान, कोणाच्या दोन ओळी. दोन ओळीवाल्यांसाठी पानांच्या तळाशी जागा ठेवावी. दप्तराच्या याद्या तिथे छान बसतात. मांडणी इयत्तेप्रमाणे केली तर सातवीची मुलं कच्ची दिसतात. दिवसाच्या क्रमानं करावी: वाट, परिपाठ, तास, मधली सुट्टी, दुपार, घरी जाणं. ‘वाट’ हे प्रकरण दर वेळी सर्वांत मोठं होतं. एसटी, शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या, नाल्याला पूर, कुत्री, वाटेतल्या चिंचा. शाळेच्या चार भिंतींत मुलांजवळ सांगण्यासारखं तेवढं नसतं, किंवा तेवढं सांगण्याची मोकळीक नसते.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखी दिसणाऱ्या अक्षरसंकेतात करून घ्यावं. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही पेजमेकर आणि जुन्या पद्धतीचे फाँट चालतात, आणि त्यांतली अक्षरजुळणी देखणीही असते. पण तो मजकूर नंतर फोनवर, वेबवर किंवा दुसऱ्या छापखान्यात नेला की गारबेज होतो. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढला की ठरावीक ठिकाणी फुटतो: ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, रफार आणि अवतरणचिन्हं. त्यातला ‘ऱ्य’ सर्वांत खट्याळ. ‘आचाऱ्यांनी खिचडी केली’चं ‘आचार्यांनी खिचडी केली’ होतं, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे प्रूफ वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. टायपिंग झाल्यावर फाइलमध्ये ‘र्या’ शोधून एकेक तपासणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे, तो चुकवू नये. फाँट निवडताना ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, म्हणजे राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेप्रमाणे आहे ना ते पाहावं. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मुलांना पाठ्यपुस्तकाहून वेगळे दिसतात आणि लहान इयत्तांत अडखळवतात. पानमांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करायचा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते.

प्रूफं तीन. पहिलं मूळ कागदाशी ताडून, दोघांनी: एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील पाहायचं. एकट्यानं वाचलं की डोळा आपोआप प्रमाण मराठी वाचतो. दुसरं प्रूफ मुलांना द्यायचं, प्रत्येकाला स्वतःचं पान. मुलं चुका शोधण्यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात, मात्र याच वेळी काही जण स्वतःच बोली काढून टाकायला येतात. ‘मले’ खोडून ‘मला’ करतात, कारण छापील म्हणजे शुद्ध असा समज. दोन्ही रूपं शेजारी ठेवून दाखवायची आणि निर्णय मुलावर सोडायचा. ‘मला’च हवं म्हणालं तर ‘मला’ छापायचं. बोली सांभाळण्याची हौस आपली, पान त्याचं. तिसरं प्रूफ फक्त पानांचे क्रमांक, मथळे, अनुक्रमणिका यांसाठी. तिसऱ्या प्रुफात नवीन वाक्यदुरुस्त्या घेतल्या की ओळी सरकतात आणि शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी पडते.

चित्रांसाठी मुलांना कोरा पांढरा कागद आणि काळं जेल पेन द्या. पेन्सिलीचं चित्र स्कॅन होताना कागदच करडा होतो, आणि वहीच्या निळ्या रेघा एकरंगी छपाईत राखाडी पट्ट्या होऊन उमटतात. रेषाचित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), छटा असलेलं ३०० ला स्कॅन करावं. फोननं काढलेल्या फोटोत एका कोपऱ्यात सावली येतेच.

पुस्तकाचा आकार डेमी एक अष्टमांश, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंच, सर्वांत स्वस्त पडतो, कारण कागद वाया जात नाही. १८ गुणिले २३ इंची ताव दोन्ही बाजूंनी छापला की १६ पृष्ठांचा एक फर्मा. म्हणून एकूण पृष्ठं १६ च्या पटीत बसवायची: ९६, ११२, १२८. ११७ झाली तर पाच पृष्ठांसाठी अर्धा फर्मा वाढतो आणि तीन कोरी जातात. छापखान्यात बोलताना ‘पृष्ठं’ म्हणायचं. ‘पानं’ म्हटलं की कोणी दोन्ही बाजू धरतो, कोणी एक, आणि दरपत्रक निम्मं किंवा दुप्पट होतं. १३ पॉइंट अक्षर आणि १८ पॉइंट ओळअंतर धरलं तर एका पृष्ठावर अडीचशेच्या आसपास शब्द मावतात. मुलांचा मजकूर साधारण दीडशे ते तीनशे शब्दांचा असतो, त्यावरून ११२ पृष्ठांत किती मुलं बसतील याचा अंदाज करता येतो.

आतल्या पानांना ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो कागद पुरतो. ६० घेतला तर मागची अक्षरं पुढे दिसतात. ११२ पृष्ठांच्या ५०० प्रतींना सात फर्मे, म्हणजे साडेतीन हजार ताव, सात रीम. वर पाच टक्के तरी वाया जायला धरावे. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि लॅमिनेशन. गरम डिंकाच्या परफेक्ट बांधणीत आतला समास १८ ते २० मिलिमीटर हवा, नाहीतर ओळींची टोकं घडीत गडप होतात आणि मुलं पुस्तक उलटं ताणून कणा मोडतात. कागदाचे धागे कण्याला समांतर आहेत ना, हे छापखान्याला विचारावं. आडवे असले तर पानं लाटांसारखी वाकतात आणि लवकर सुटतात. ६४ पृष्ठांपर्यंत मधोमध पिन मारलेली बांधणी जास्त टिकते, स्वस्तही पडते. दरपत्रक मागताना कागद, प्लेट, छपाई, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी हे वेगवेगळं लिहून मागा; ‘सगळं मिळून एवढे’ यात पुढे कागद हलका होतो. दोनशे-तीनशेच्या आत प्रती हव्या असतील तर ऑफसेटऐवजी डिजिटल छपाई परवडते.

आता शुभेच्छासंदेश. संस्थाध्यक्ष, सचिव, आमदार, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, सरपंच, प्रत्येकाचा फोटोसह एक पृष्ठ संदेश म्हटलं की अर्धा फर्मा गेला, आणि मुलांचा पहिला मजकूर अकराव्या-बाराव्या पृष्ठावर. हे संदेश बहुधा एकाच माणसानं लिहिलेले असतात. नको म्हणता येत नाही, हेही खरं. देणग्या तिथूनच येतात. आमचा तोडगा असा: पुस्तकाच्या शेवटी एक पृष्ठ, सगळ्यांची नावं एकाच मापाच्या अक्षरात, फोटो नाही. संदेश प्रकाशनाच्या कार्यक्रमात वाचून दाखवायचे. हे अगदी पहिल्या बैठकीत, देणगी हातात पडायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं की रुसवे होतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आपल्या देशात विनाशुल्क मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, शाळा किंवा संस्था प्रकाशक म्हणून नोंदवता येते. नाव, पृष्ठसंख्या, किंमत ठरल्यावरच अर्ज करावा, पण छपाईच्या आदल्या आठवड्यात नको. नोंदणीला वेळ लागतो. फुकट वाटायचं असलं तरी किंमत छापावी, ग्रंथालयांना दाखलनोंद करताना ती लागते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना स्वखर्चानं पाठवायची असते. शालेय प्रकाशनं हे हमखास विसरतात, त्यामुळे जिथे ती कायमची जपली जातील तिथे ती पोचतच नाहीत.

वाटपात मुलांच्या प्रती पहिल्या काढून ठेवायच्या, व्यासपीठावरच्यांच्या नंतर. गाव सोडून गेलेल्या मुलांच्या प्रतींवर चिठ्ठी लावून त्या वर्गशिक्षकांच्या ताब्यात द्यायच्या आणि त्यांची यादी करायची, नाहीतर एप्रिलमध्ये पोरं परत येतात तेव्हा गठ्ठा संपलेला असतो. ५०० प्रतींचं वजन सत्तर किलोच्या आसपास भरतं, एसटीच्या पार्सलनं पाच-सहा गठ्ठ्यांत सहज जातात. प्लास्टिकमध्ये बांधून पाठवा.

छापखान्याकडून नुसती पीडीएफ घेऊन थांबू नका. मूळ फाइल, फाँट आणि चित्रं एकत्र पॅकेज करून मागा, ती दोन ठिकाणी ठेवा. प्रकाशनानंतर सापडलेल्या चुका एका प्रतीत लाल पेनानं नोंदवत राहा, दुसरी आवृत्ती निघाली तर तीच प्रत छापखान्यात जाते. मूळ कागद मुलांना परत करायचे. बाजूला ठेवलेले, न छापलेले मजकूर मुलाला विचारून परत द्यायचे किंवा त्याच्यासमोर फाडायचे. पोलिसांत गेलेली प्रकरणं तेवढी वेगळी, ते कागद फाडायचे नसतात. आणि खूणक्रमांकांचं कोष्टक शैक्षणिक वर्ष संपताना नष्ट करायचं.